फौजदारसाहेबांच्या गाडीचं पाणी

या जगात कुठलीही वस्तू आपोआप नाहीशी होत नाही, ती कुणीतरी नेलेली असते, एवढ्या एका श्रद्धेवर सबंध आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला. नगरला मी ज्यांच्या घरी राहत होतो ते पेन्शनीतले फौजदारसाहेब. अंगावरचा खाकी पोशाख उतरून बरेच दिवस झाले होते, पण नजर अजून नोकरीवरच होती. न्हाणीघरातला साबण रोज थोडा थोडा कमी होतो, ही गोष्ट तुमच्याआमच्या लक्षातही येत नाही. साहेबांच्या आली. "चोर सराईत आहे," ते मला म्हणाले. "एकदम नेत नाही. संशय येऊ नये म्हणून कडेकडेनं नेतो." देवघरातल्या डबीतला कापूर कमी होई, तर त्यांनी डबीला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. काही दिवसांनी डबी उघडली तर कापूर निम्मा. कापूर उडतो, तो त्याचा धर्मच आहे, असं मी भीत भीत सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बीए, कुलूप शाबूत ठेवून माल काढणारे मी आयुष्यात मोजकेच पाहिले. त्यातला हा एक." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आदर होता.

बीए म्हणजे मी. आमच्या घराण्यात अंगठा सोडून सही करणारा मी पहिलाच, त्यामुळे ही पदवी साहेबांनी माझ्या नावाच्या जागी बसवली तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी अभिमानच वाटला. माझे वडील राहुरीजवळ एका बागाईतदाराच्या विहिरीवर मोट हाकत. नगरच्या एका शाळेत मला मास्तरची नोकरी मिळत होती, पण माझ्या चालचलणुकीची हमी शहरातल्या एखाद्या वजनदार माणसानं द्यायला हवी होती, आणि शहरात मला ओळखत होता फक्त खाणावळवाला. तोच मला साहेबांकडे घेऊन गेला. साहेबांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, "बघू" म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी मला न सांगता आगगाडीनं राहुरी गाठून थेट त्या विहिरीवर जाऊन उभे राहिले. ती टोपी, त्या मिशा आणि ती काठी पाहून वडिलांच्या हातातला नाडा सुटला, भरलेली मोट धाडकन पुन्हा विहिरीत गेली आणि त्यांनी हात जोडले. "साहेब, माझ्या पोरानं काई केलं न्हाई. त्यो फकस्त शिकला." हे वाक्य साहेब पुढं कितीतरी वर्षं लोकांना ऐकवत. त्या दिवशी ते आमच्या घरी भाकरी आणि ठेचा खाऊन परतले, शाळेत जाऊन स्वतःच्या तोंडानं माझी हमी दिली आणि वर राहायला अंगणाकडची खोलीही दिली. आज मी चार माणसांत मान वर करून बसतो त्याच्या मुळाशी ती हमी आहे. म्हणून पुढचं सांगताना मला हसू आवरलं नाही, तरी माझे हात मनातल्या मनात जोडलेलेच आहेत असं समजावं.

तर या साहेबांकडे एक मोटार होती. विलायतेला कायमच्या परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअराकडून ती त्यांनी घेतली होती. पितळी तोंडाची, कापडी टपाची, उंच चाकांची. तिचं वय साहेबांना ठाऊक नव्हतं आणि ते विचारणं त्यांना अशोभनीय वाटे. हँडल मारलं की ती आधी खोकायची, मग शिंकायची, आणि मग सबंध अंगाला कापरं भरून एकदम चालू व्हायची. लढाई नुकती कुठं संपली होती आणि पेट्रोल अजून रेशनवर मिळत होतं, पण तिची खरी भूक पेट्रोलची नव्हतीच. तिला लागे पाणी. निघताना काठोकाठ भरलेली टाकी, भिंगारपर्यंत जाऊन यावं तर निम्मी रिकामी, आणि पितळी जाळीतून वाफेचे लोट. त्या जाळीला शिकलेले लोक रेडिएटर म्हणत. साहेबांच्या थोरल्या विधवा बहीण, ज्यांना सगळी गल्ली आत्याबाई म्हणे, त्या तिला बंब म्हणत, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचंच बरोबर वाटे, कारण तिच्यातून निघणाऱ्या पाण्यानं घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्या असत्या. चमत्कार एवढाच की गळती कुठं दिसायची नाही. खाली थेंब नाही, ओल नाही, डाग नाही. पाणी होतं आणि मग नव्हतं.

एरवी हा सगळा हसण्यावारी नेण्याचा विषय. पण त्या वर्षी साहेबांच्या एकुलत्या एका मुलीचं माहेरी येणं या पाण्यापाशी अडलं होतं. माईला तिसगावच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली होती. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, आणि आता माईला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण बापाच्या घरी व्हावं म्हणून साहेबांनी माळ्यावरचा पाळणा काढून स्वतःच्या हातानं चिंचेनं घासला होता, आतल्या खोलीला चुना देऊन घेतला होता, आणि ते काय करताहेत असं कुणी विचारलं तर "काही नाही, झडती" असं सांगत होते. अशात माईच्या सासूबाईंनी उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हराबरोबर निरोप धाडला. तो निरोप त्यानं अंगणात उभं राहून त्यांच्याच ठसक्यात म्हणून दाखवला. "सर्विसच्या मोटारीत शेरडं आन् मान्सं एका दावनीला असत्यात. त्यात मी माजी सून घालायची न्हाई. बापाकडं मोटार हाय म्हनत्यात, तर बापानं मोटार घिऊन यावं. दारात मोटार हुबी ऱ्हायली तर सून धाडीन, न्हाईतर बाळातपन हितंच हुईल." साहेबांनी निरोप शांतपणे ऐकला, ड्रायव्हराला चहा दिला, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "बीए, पाण्याचा तपास लागला पाहिजे."

त्या दिवसापासून आमच्या अंगणात कचेरीच भरली. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून, टोपण आवळून, त्यावर लाख वितळवून साहेबांनी मोहोर केली आणि शेजारच्या पाच भल्या माणसांना पंच म्हणून बोलावून ती दाखवली. सकाळी पंचांसमक्ष मोहोर फोडली. पाणी जिथल्या तिथं. पंचांना वाटलं प्रकरण मिटलं, आपण घरी जावं. साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी पंचांना थांबवून घेतलं, पुन्हा मोहोर केली, गाडी भिंगारला नेऊन आणली आणि त्यांच्यासमोर टोपण काढलं. मोहोर शाबूत, पाणी गडप. गल्लीतला कासार, जो पंचांत होता, त्यानं भीतीनं नमस्कारच केला. साहेब त्या काळ्या भोकात वाकून बघत हलक्या आवाजात म्हणाले, "उभ्या गाडीला तो हात लावत नाही. चालत्या गाडीतनं नेतो."

चालत्या गाडीतून पाणी नेणारा चोर धरायचा तर चालत्या गाडीवर पहारा हवा. तो माझ्याकडे आला. उजव्या बाजूच्या फूटबोर्डावर मी मागं तोंड करून उभं राहायचं, एका हातानं टपाची काठी धरायची आणि रस्त्यावर कुठं थेंब पडतो का ते पाहायचं. असा मी कापड बाजारातून, भर सकाळी, कोट घालून, उलट्या तोंडानं गेलो. माझ्या वर्गातली दोन मुलं दिसली. त्यांनी रीतसर नमस्कार केला आणि त्यातला एक ओरडला, "सर, तुम्हाला पकडलं का हो?" रस्ता कोरडा ठणठणीत होता. मागच्या नळीतून तेवढा पांढरा धूर निघत होता, ढगासारखा. तो मी इमानदारीनं कळवला. "धुराचं सोडा हो," साहेब पुढून ओरडले, "पाण्याचं बोला!"

जो तो आपापल्या परीनं गोंधळात भर घालत होता. झेंडीगेटकडच्या मिस्त्रीचाचांनी इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, "साब, इसकू पानी की आदत लग गई है. थोडा थोडा कम करो, छूट जायगी." साहेबांना हे पटलं, कारण दारूची सवय सुटलेले दोन हवालदार त्यांच्या माहितीत होते. गाडीला दोन दिवस अर्ध्या पाण्यावर ठेवलं, तेव्हा ती दिल्ली दरवाजापाशी अशी काही किंचाळली की एका टांग्याचं घोडं टांगेवाल्याला सोडून गेलं. शेजारच्या वैद्यबुवांच्या मते गाडीला पित्त झालं होतं. आणि सगळ्यांचं बोलून झालं की साहेब माझ्याकडे वळत आणि म्हणत, "आता बीए सांगतील." मी इतिहासाचा पदवीधर. पानिपतच्या पराभवाची कारणं मला झोपेतून उठवलं तरी सांगता आली असती. पण हे पाणी कुठं जातं ते मला सांगता येईना, आणि ज्या माणसानं माझी हमी दिली त्याच्यासमोर "मला माहीत नाही" हे शब्द तोंडातून काढणं जिवावर येई. मी म्हणे, "विचार करतोय साहेब." आणि खरोखरच करत असे. वर्गात मुलांना शिवकाल शिकवता शिकवता माझ्या डोळ्यांसमोर ती पितळी जाळी वाफ सोडत उभी राही.

शेवटी आत्याबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गळकी घागर हुलग्याच्या पिठानं बुजते, तर गळका बंब का बुजू नये? "पण आत्याबाई, गळतंय कुठं ते दिसत नाही," मी म्हणालो. "मास्तर, पिठाला दिसतं," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचला. त्यांनी डब्यातलं चांगलं बारीक पीठ, वर चिमूटभर हळद, असं कालवून टाकीत ओतलं. साहेब हँडलला, आत्याबाई ओट्यावर, मी फूटबोर्डावर. भिंगारच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी इतकी शहाण्यासारखी चालली की साहेबांनी गुणगुणायला सुरुवात केली. मग आतून रटरट असा ओळखीचा आवाज यायला लागला, गरम वास सुटला, आणि टोपण बंदुकीच्या गोळीसारखं उडून लिंबाच्या झाडात गेलं. पाठोपाठ पिवळंजर्द, घट्ट, वाफाळलेलं काहीतरी काचेवर, टपावर आणि साहेबांच्या मिशांवर येऊन पडलं. साहेब खाली उतरले. मिशीवरचं बोटानं काढून त्यांनी पुरावा म्हणून जिभेला लावलं.  "माडगं आहे," ते म्हणाले. "हुलग्याचं." घरी आल्यावर हे सगळं ऐकून आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "मेलं, मीठ घालायचं राहिलं."

आम्ही हसलो खरे, पण त्या माडग्यानं घात केला. जाळीच्या बारीक नळ्यांत ते असं काही थिजून बसलं की ते काढता काढता, बांबूच्या काड्या घालघालून, सोड्याचं पाणी ओतओतून, माईचा आठवा महिना लागला. आठव्यात गरोदर मुलीला हलवायचं नाही, हा आपल्याकडचा नियम. तिथं फौजदाराचंही चालत नाही. साहेब महिनाभर पाळण्याच्या कड्या तेल घालून हलवून बघत बसले. आत्याबाई चुलीपाशी बसून स्वतःशीच पुटपुटत, "माझ्याच हातानं झालं." आता नववा लागला की एकच खेप, आणि तीही लगेच. ती चुकली तर माईचं बाळंतपण सासरीच.

नववा लागला त्या सकाळी आम्ही निघालो. मागच्या बैठकीवर पाण्यानं भरलेल्या तांब्याच्या घागरी आणि त्यांना मिठी मारून बसलेला मी. तपासाचं नाव साहेबांनी काढलं नाही. जाताना करंजीचा घाट उतरणीचा. साहेबांनी वरच्या टोकाला इंजिन बंद केलं आणि गाडी नुसती सोडून दिली, त्यामुळे आम्ही माईच्या सासरच्या गावात मोठ्या दिमाखात, मोजकीच वाफ सोडत शिरलो. सबंध गाव गोळा झालं. सासूबाई पदर खोचून पुढं आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, जाळीतून निघणारी वाफ न्याहाळली आणि म्हणाल्या, "आबा, ही मोटार म्हनायची का आगगाडी?" साहेबांनी ताठ उभं राहून सांगितलं, "दारात उभी आहे." बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी माईची ओटी भरली, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि साहेबांना न दिसेल असं माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मास्तर, पोहोचंल ना वो?" मी सवयीनं म्हणालो, "विचार करतोय."

माईबद्दल सांगायचं तर ती एकटीच अशी होती की जिची जबानी साहेबांनी कधी घेतली नाही. तिनं विचारायचं आणि साहेबांनी उत्तरं द्यायची. "आबा, टोपी बदलली नाही?" "आबा, रात्रीचा खोकता का?" आणि साहेब आरोपीसारखे खरं खरं सांगत. परतताना घाटाच्या पायथ्याला गाडीला पाणी पाजलं, पहिल्या वळणाला पाजलं, दुसऱ्या वळणाला पाजलं. मग चढ खरा उभा राहिला, ऊन डोक्यावर आलं, आणि घाट निम्मा व्हायच्या आत गाडीनं एक लांबलचक सुस्कारा टाकला आणि ती थांबली. घागरी रिकाम्या होत्या. मी चाकांमागं धोंडे लावले. खाली करंजीची घरं काड्यांच्या पेट्यांएवढी दिसत होती. माईजवळ तिच्यासाठी म्हणून दिलेला एक तांब्या तेवढा होता. तिनं तो पुढं केला.

"आबा, हा घाला."

"तो तुझा आहे."

"मला नको तहान. घाला म्हणते ना."

"माई, तो तुझा आहे!"

इतक्या मोठ्यानं ते तिच्याशी बोललेले मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि बहुधा तिनंही. तिनं तांब्या मांडीवर ठेवला आणि टपाच्या सावलीत डोळे मिटून मागं टेकली. तिचा एक हात कमरेवर होता. साहेब रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर जाऊन बसले. साबण गेला तेव्हा त्यांना संशयित होते, कापूर गेला तेव्हा होते. इथं डोंगर, ऊन आणि ती गाडी. कुणाला धरावं ते त्यांना कळेना. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली, तेव्हा ते किती म्हातारे झाले आहेत ते मला दिसलं.

तेवढ्यात वरच्या अंगाला घुंगरांचा आवाज आला आणि जुवाला जुंपलेली बैलांची एक जोडी हाकत एक वाळकासा म्हातारा वळणावरून खाली आला. गाडी पाहून थांबला, साहेबांना पाहून जास्तच थांबला, आणि मग पुढं येऊन रामराम घातला.

"सायेब, वळखलं का?"

साहेबांनी मान वर केली. नजरेत जुनी धार क्षणभर चमकली. "सखाराम. मिरीच्या बाजारातला पांढरा खोंड."

"व्हय. त्योच." म्हाताऱ्यानं गाडीत डोकावून माईकडं पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला. "लेक हाय व्हय? अन् हितं उन्हात? पानी पायजेल का?"

उत्तराची वाट न बघता तो कातळामागं गेला आणि माझ्याकडच्या दोन घागरी त्यानं भरून आणल्या. पाणी गार होतं. साहेबांच्या तोंडून इतक्या वर्षांची सवय बाहेर पडलीच. "पाणी कुठलं आहे?"

"चोरीचं न्हाई सायेब," म्हातारा हसून म्हणाला. "झऱ्याचं हाय. ह्या झऱ्याला मालक न्हाई."

माई डोळे मिटूनच खुदकन हसली. टाकी भरली, पण हँडल मारमारून माझे हात भरून आले तरी गाडी काही शिंकेना. मग सखारामनं काही न विचारता गाडीच्या पुढच्या दांड्याला दोर बांधला आणि तो बैलांच्या जुवाला अडकवला. साहेब बैलांकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर प्रश्न आलेला मला दिसला, आणि त्यांनी तो गिळलेलाही दिसला. सखारामनंही तो पाहिला.

"माजीच हाईत सायेब." मग दोराची गाठ आवळता आवळता, खाली बघतच तो म्हणाला, "त्यो खोंडबी म्या न्हेला नव्हता."

"पुरावा होता, सखाराम."

"व्हय," म्हातारा म्हणाला, "पुरावा हुता." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घाटातल्या वाऱ्याबद्दल बोलावं तसा तो बोलला आणि त्यानं बैलांना हाळी दिली.

अशी आमची मोटार करंजीचा घाट चढली. पुढं बैल, मग पितळी तोंड, टपाच्या सावलीत माई, मागून ढकलणारा इतिहासाचा पदवीधर, आणि बाजूनं काठी टेकत, टोपी हातातच धरून चाललेले फौजदारसाहेब. माथ्यावर सखारामनं दोर सोडला. पुढं उताराला लागल्यावर गाडी आपोआप सुरू झाली, पण त्याआधी साहेब त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं काही देतील. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, टाच टाचेला लावली आणि एका कलेक्टराला करावा तसा त्या म्हाताऱ्याला सलाम केला. सखाराम इतका गडबडला की त्यानं घाईघाईनं डाव्याच हातानं उलट सलाम ठोकला.

माई घरी आली. आत्याबाईंनी दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग काय केलं तर गाडीच्या बंबावर पाणी शिंपडून त्याला हळदकुंकू लावलं. दिवस भरल्यावर चुना दिलेल्या खोलीत माईला मुलगा झाला. साहेब पाळण्यापाशी बसून त्याला एकटक न्याहाळत. "हा इथं कसा आला, बीए?" असं त्यांनी मला एकदा विचारलं, आणि ते थट्टेनं विचारत होते की खरंच, ते मला आजही सांगता येणार नाही.

गाडी त्यानंतर फार चालली नाही. अंगणातल्या लिंबाखाली उभी केली ती उभीच राहिली. पुढं काही वर्षांनी मी पुण्याला शिकवायला गेलो आणि तिथं एका मोटारीच्या कारखान्यात कामाला असलेल्या स्नेह्याला मी हा सगळा इतिहास सांगितला, तेव्हा तो हसायलाच लागला. इंजिनाचे दोन भाग जिथं एकमेकांवर बसतात तिथं मध्ये एक पातळ पत्रा असतो, त्याला गॅसकेट म्हणतात. तो जळाला की पाणी आतल्या आत इंजिनात शिरतं आणि मागच्या नळीतून वाफ होऊन निघून जातं. म्हणजे फूटबोर्डावर उलट्या तोंडानं उभं राहून मी जो पांढरा ढग पाहिला, तेच ते पाणी. एवढी मोठी बातमी घेऊन मी सुटीत नगरला गेलो. साहेब आता काठीशिवाय उठत नव्हते. ओसरीवर बसून मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही पुरावा मागितला नाही.

"म्हणजे बाहेरच्या कुणाचा हात नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब."

"गाडीनंच गाडीचं पाणी प्यालं."

"हो."

त्यांनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. "उगीच इतक्या लोकांना विचारलं," ते म्हणाले. ते पंचांबद्दल बोलत होते, मिस्त्रीचाचांबद्दल, की घाटातल्या त्या म्हाताऱ्याबद्दल, मी विचारलं नाही. मग त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि निकाल दिला. "घरच्यानं घरचं पाणी प्यालं तर गुन्हा होत नाही, बीए."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ते लिंबाखाली होते. आत्याबाई सांगत होत्या, रोजच जातात. त्यांनी गाडीचं टोपण काढलं, आत वाकून पाहिलं, तर्जनी बुडवून पाण्याची पातळी तपासली. पाणी काठोकाठ होतं; उभ्या गाडीतून ते कुठं जाणार? तरी हातातल्या तांब्यातलं थोडं पाणी त्यांनी वरून ओतलं. ते बाहेर सांडून पितळी जाळीवरून खाली मातीत गेलं. साहेबांनी ते जाताना पाहिलं, आणि काही न विचारता जाऊ दिलं.